विश्लेषण : वयाच्या २० व्या वर्षी मृत्यू, पण गणित आजही मोबाइलमध्ये… कोण होता एव्हारिस्त गाल्वा?

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर मासळीच्या टोपलीशेजारी ठेवलेला क्यूआर कोड पाण्याने भिजतो, कोपऱ्यात फाटतो, डागाळतो. तरीही मोबाइल समोर धरला की बहुतेक वेळा पैसे जातात. कोडचा काही भाग वाचता आला नाही, तर उरलेल्या भागातून हरवलेली माहिती गणिताने भरून काढली जाते. हे गणित २५६ घटकांच्या एका छोट्या संख्याव्यवस्थेत चालते. अशा व्यवस्थांना गाल्वा क्षेत्रे म्हणतात. ज्याच्या नावाने त्या ओळखल्या जातात, तो फ्रेंच तरुण १८३२ मध्ये द्वंद्वयुद्धात गोळी लागून मरण पावला. तेव्हा त्याचे वय होते अवघे २० वर्षे. त्याचे याहून मोठे काम म्हणजे ‘गट’ ही कल्पना. आजची बीजगणिताची सॉफ्टवेअर याच कल्पनेवर उभी आहेत.

एव्हारिस्त गाल्वा कोण होता?

गाल्वाचा जन्म २५ ऑक्टोबर १८११ रोजी पॅरिसजवळच्या बूर-ला-रेन या गावी झाला. वडील निकोला-गाब्रिएल शाळा चालवत आणि पुढे गावाचे महापौर झाले. ते उदारमतवादी विचारांचे होते. आई आदेलाईद शिकलेली होती. १२ वर्षांचा होईपर्यंत तिनेच मुलाला घरी शिकवले. १८२३ मध्ये त्याला पॅरिसच्या लुई-ल-ग्राँ या नामांकित शाळेत घातले.

तिथे तो वर्गात मागे पडला आणि त्याला एक इयत्ता पुन्हा करावी लागली. याच काळात त्याने गणिताचा वर्ग घेतला आणि लजांद्रचे भूमितीचे पुस्तक त्याच्या हाती आले. पाठोपाठ त्याने लाग्रांजचे मूळ लेखन वाचायला घेतले. शाळेच्या पाठ्यपुस्तकांत त्याचा जीव रमेना. लुई रिशार या शिक्षकांनी मात्र हा मुलगा वेगळा आहे, हे ओळखले. एप्रिल १८२९ मध्ये त्याचा पहिला निबंध छापून आला. तेव्हा तो १७ वर्षांचा होता.

तो कोणत्या प्रश्नामागे लागला होता?

दहावीच्या वर्गात वर्गसमीकरण सोडवण्याचे सूत्र शिकवतात. क्षचा वर्ग असलेले समीकरण असेल, तर सहगुणक सूत्रात घातले की उत्तर मिळते. घन आणि चतुर्थ घाताच्या समीकरणांची सूत्रे १६ व्या शतकात इटलीत सापडली. कार्दानोने ती १५४५ मध्ये प्रसिद्ध केली. पुढचा प्रश्न साहजिकच पाचव्या घाताचा होता. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि मुळे काढणे एवढ्याच क्रिया वापरून तिथेही सूत्र देता येईल का?

जवळपास तीन शतके ते कुणालाही सापडले नाही. नॉर्वेच्या नील्स आबेलने १८२४ मध्ये दाखवून दिले की पाचव्या घाताच्या सर्व समीकरणांना लागू पडेल असे एकच सूत्र असूच शकत नाही. पण काही विशिष्ट समीकरणे सुटतात. मग कोणते सुटेल आणि कोणते नाही, हे आधी कसे ओळखायचे? या प्रश्नाचे पूर्ण उत्तर गाल्वाने दिले.

‘गट’ म्हणजे नेमके काय?

गाल्वाने उत्तरे शोधण्याऐवजी उत्तरांची अदलाबदल पाहिली. क्षचा वर्ग बरोबर २ या समीकरणाची दोन उत्तरे आहेत. एक २ चे वर्गमूळ आणि दुसरे उणे चिन्हासह तेच. साध्या अपूर्णांकांच्या अंकगणितात राहून या दोघांना वेगळे ओळखता येत नाही. जागा बदलल्या तरी त्यांच्यातली सगळी नाती तशीच राहतात. म्हणजे इथे दोन क्रिया चालतात. काहीच न करणे आणि अदलाबदल करणे.

अशा सर्व चालणाऱ्या अदलाबदलींच्या संचाला गट म्हणतात. एक अदलाबदल करून त्यावर दुसरी केली, तरी निकाल त्याच संचात राहतो. प्रत्येक क्रिया उलटवताही येते. गटाच्या आत असाच नियम पाळणारा छोटा संच असेल, तर तो उपगट.

गाल्वाचा निष्कर्ष असा की समीकरणाचा गट पायरीपायरीने योग्य तुकड्यांत मोडत गेला, तरच ते समीकरण मुळे काढून सुटते. पाच उत्तरांच्या सर्वसाधारण समीकरणाचा गट १२० अदलाबदलींचा असतो. तो एकदा मोडला की आत ६० चा उपगट उरतो आणि हा ६० चा उपगट आणखी मोडत नाही. सूत्र तिथेच अडते.

मग अकादमीने हे काम का नाकारले?

गाल्वाने १८२९ च्या मे-जूनमध्ये आपले काम पॅरिसच्या विज्ञान अकादमीकडे पाठवले. परीक्षण ऑग्युस्तँ-लुई कोशी या बड्या गणितज्ञाकडे गेले. पुढे त्याचा अहवाल अकादमीसमोर आलाच नाही.

याच उन्हाळ्यात घरावर आघात झाला. गावातल्या राजकीय वैरातून वडिलांची बदनामी झाली आणि जुलै १८२९ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. त्यानंतर काही दिवसांतच गाल्वाला एकोल पॉलिटेक्निकच्या प्रवेश परीक्षेला बसावे लागले. ही देशातली सर्वांत मानाची तंत्रशिक्षण संस्था. तिथे तो आदल्या वर्षी नापास झाला होता. या खेपेसही तो नापास झाला आणि तिसरी संधी नव्हती. शेवटी त्याने शिक्षक घडवणाऱ्या एकोल नॉर्मालमध्ये प्रवेश घेतला.

फेब्रुवारी १८३० मध्ये त्याने अकादमीच्या मोठ्या पारितोषिकासाठी निबंध पुन्हा पाठवला. सचिव जोझेफ फूरिए यांनी तो घरी नेला. मे महिन्यात फूरिए यांचे निधन झाले आणि हस्तलिखित हरवले. पारितोषिक आबेल आणि जकोबी यांना मिळाले. आबेल त्याआधीच, एप्रिल १८२९ मध्ये, वारला होता.

जानेवारी १८३१ मध्ये गाल्वाने तिसऱ्यांदा निबंध दिला. या वेळी परीक्षक होते प्वासाँ आणि लाक्र्वा. ४ जुलै १८३१ च्या अहवालात त्यांनी युक्तिवाद पुरेसा स्पष्ट आणि विस्तृत नसल्याचे सांगत मान्यता दिली नाही. संपूर्ण सिद्धांत मांडल्यावर मत देता येईल, असे सुचवले. परीक्षकांची अडचण काही प्रमाणात खरी होती. गाल्वा पायऱ्या गाळून लिहीत असे आणि त्याची कल्पना त्या काळाला अगदीच नवी होती. पण तीन प्रयत्नांत एक निबंध रखडला, एक हरवला आणि एक परत आला, हेही खरे.

तुरुंगात जाण्याची वेळ का आली?

जुलै १८३० मध्ये फ्रान्समध्ये क्रांती झाली आणि राजा दहावा शार्ल पदच्युत झाला. पॅरिसचे विद्यार्थी रस्त्यावर होते. एकोल नॉर्मालच्या संचालकांनी मात्र आपल्या विद्यार्थ्यांना आत कोंडून ठेवले. गाल्वाने संचालकांवर टीका करणारे पत्र वृत्तपत्रात दिले आणि त्याला काढून टाकण्यात आले. तो कट्टर प्रजासत्ताकवादी बनला. राष्ट्रीय रक्षक दलाच्या तोफखान्यात तो सामील झाला. सरकारने हा तोफखाना लगेच बरखास्त केला.

मे १८३१ मध्ये एका मेजवानीत त्याने हातात उघडा सुरा धरून नवा राजा लुई-फिलिप याच्या नावाने प्याला उंचावला. ही राजाला धमकी मानून त्याला अटक झाली. खटल्यात तो सुटला. १४ जुलै रोजी बंदी असलेला तोच गणवेश घालून आणि शस्त्रे घेऊन तो निदर्शनात उतरला आणि पुन्हा पकडला गेला. सहा महिन्यांची शिक्षा झाली. सेंत-पेलाजी तुरुंगातही त्याचे गणित सुरूच होते. १८३२ च्या वसंतात पॅरिसमध्ये कॉलऱ्याची साथ पसरली, म्हणून त्याला मार्चमध्ये एका आरोग्यगृहात हलवले. एप्रिलअखेर शिक्षा संपली.

एका रात्रीत सिद्धांत लिहिल्याची गोष्ट खरी का?

३० मे १८३२ च्या सकाळी द्वंद्वयुद्धात गाल्वाच्या पोटात गोळी लागली. दुसऱ्या दिवशी कोशँ रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. द्वंद्वाचे कारण काय, यावर इतिहासकारांत एकमत नाही. प्रेमप्रकरणाचा उल्लेख त्याच्या पत्रांत येतो, तर राजकीय कटाचा संशयही व्यक्त झाला. २ जून रोजी मोंपार्नास दफनभूमीत सामायिक जागेत त्याचे दफन झाले.

आदल्या रात्री त्याने मित्र ऑग्युस्त शव्हालिए याला लांब पत्र लिहिले. त्यात आपल्या शोधांचा सारांश दिला आणि गाउस किंवा जकोबी यांना या प्रमेयांच्या महत्त्वाबद्दल जाहीर मत विचारावे, अशी विनंती केली. यावरून पुढे एक दंतकथा पसरली. सगळा सिद्धांत त्याने त्या एका रात्रीत लिहून काढला, अशी. हे खरे नाही. मुख्य निबंध अकादमीत आधीच पोहोचून परतही आला होता. त्या रात्री त्याने त्यात दुरुस्त्या केल्या, समासात टिपा लिहिल्या आणि पत्र लिहिले. तीन वर्षे चाललेल्या कामाची ती शेवटची फेरी होती.

शव्हालिए आणि धाकटा भाऊ आल्फ्रेड यांनी कागद जपून ठेवले. अखेर जोझेफ ल्यूव्हील यांनी ते अभ्यासले आणि १८४६ मध्ये आपल्या नियतकालिकात छापले. तोवर १४ वर्षे लोटली होती. १८७० मध्ये कामीय जॉर्दां यांच्या ग्रंथामुळे गट सिद्धांत ही गणिताची स्वतंत्र शाखा म्हणून उभी राहिली. इंग्रजीत विल्यम बर्नसाइड यांचे गटांवरचे पुस्तक १८९७ मध्ये आले. तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजमध्येच शिकत होते. १८९९ मध्ये ते सीनिअर रँग्लर झाले.

दोन गट एकत्र आले की काय होते?

आता दोन समीकरणे एकदम घेऊ. एकाची उत्तरे २ च्या वर्गमुळाची, दुसऱ्याची ३ च्या वर्गमुळाची. प्रत्येकाच्या गटात दोन क्रिया. दोघांच्या जोड्या लावल्या की चार क्रिया होतात. काहीच नाही, फक्त पहिली अदलाबदल, फक्त दुसरी, किंवा दोन्ही. याला दोन गटांचा गुणाकार म्हणतात. घरात दोन दिवे आणि दोन वेगळी बटणे असावीत, तसे हे आहे.

आता ३ च्या जागी ८ घ्या. ८ चे वर्गमूळ म्हणजे २ च्या वर्गमुळाची दुप्पट. त्यामुळे एकाचे चिन्ह बदलले की दुसऱ्याचेही बदलणारच. दिवे दोन, पण बटण एकच. चारपैकी दोनच क्रिया उरतात. काहीच न करणे किंवा दोन्ही एकदम करणे. हा गुणाकार गटातला उपगट आहे.

इथेच एक फसवी जागा आहे. या चार क्रियांच्या गटात एकूण पाच उपगट आहेत. डावीकडचा एक उपगट आणि उजवीकडचा एक उपगट घेऊन त्यांच्या सगळ्या जोड्या लावल्या, तर चारच मिळतात. पाचवा, म्हणजे दोन्ही दिवे एका बटणावर असलेला, या पद्धतीने सापडतच नाही. गट मोठे झाले की ही तफावत वाढते. तीन वस्तूंच्या अदलाबदलींच्या गटात ६ क्रिया आणि ६ उपगट आहेत. असे दोन गट घेतले तर सरळ जोड्यांनी ३६ उपगट मिळतात. प्रत्यक्षात उपगट ६० आहेत. उरलेल्या २४ मध्ये डावी आणि उजवी बाजू एकमेकांना बांधलेली असते.

हे बांधलेले उपगट शोधण्याचा नियम फ्रेंच गणितज्ञ एदुआर गूर्सा यांनी १८८९ मध्ये दिला. दोन्ही बाजूंचे उपगट घ्यायचे, त्यांतला मोकळा भाग बाजूला काढायचा आणि उरलेले साचे तंतोतंत जुळतात का ते पाहायचे. जितक्या प्रकारे ते जुळतील, तितके बांधलेले उपगट. यातला ‘मोकळा भाग’ कोणत्याही उपगटाला होता येत नाही. त्याला गटाचे नीट समान तुकडे पाडता आले पाहिजेत. असे उपगट सर्वांत आधी वेगळे ओळखले ते गाल्वाने.

रुबिक क्यूबशी याचा काय संबंध?

जत्रेत किंवा दुकानात मिळणारा रुबिक क्यूब हे याचे हातात धरता येणारे उदाहरण आहे. क्यूबला ८ कोपरे आणि १२ कडा असतात. कोपरे कोपऱ्यांतच फिरतात, कडा कडांच्याच जागी. फक्त कोपऱ्यांकडे पाहिले तर ८ कोटी ८१ लाख ७९ हजार ८४० स्थिती होतात. फक्त कडांकडे पाहिले तर ९८,०९९ कोटी ५२ लाख ७६ हजार ८००.

या दोन संख्यांचा गुणाकार म्हणजे क्यूबच्या एकूण स्थिती, असे वाटेल. पण उत्तर त्याच्या बरोबर निम्मे आहे. ४,३२,५२,००,३२,७४,४८,९८,५६,००० ही ती २० अंकी संख्या. कारण दोन्ही बाजू बांधलेल्या आहेत. कोपऱ्यांतल्या अदलाबदली सम असतील तर कडांतल्याही सम, विषम असतील तर विषम. म्हणूनच बाकी सगळे जागेवर ठेवून फक्त दोन कोपऱ्यांची अदलाबदल कितीही वेळ फिरवले तरी होत नाही. क्यूब खोलून तुकडे चुकीचे बसवले, तर तो सुटत नाही याचे हे एक कारण.

संगणक एवढे मोठे गट कसे हाताळतो?

२० अंकी यादी कोणत्याही संगणकात मावणार नाही. त्यामुळे सॉफ्टवेअर गटाची यादी ठेवत नाही, फक्त मूळ चाली ठेवते. रुबिक क्यूबसाठी सहा बाजूंच्या सहा चाली पुरतात. बाकी सर्व स्थिती त्यांतूनच तयार होतात.

मग मोजणी कशी करायची? अमेरिकी गणितज्ञ चार्ल्स सिम्स यांनी १९७० च्या सुमारास यासाठी पद्धत दिली. पहिला तुकडा किती जागी जाऊ शकतो ते मोजायचे. मग तो जागेवर पक्का धरून दुसरा किती जागी जातो ते पाहायचे. असे करत गेले की या छोट्या संख्यांचा गुणाकार म्हणजे गटाचा आकार. एखादी चाल गटात बसते की नाही, हेही याच मार्गाने तपासता येते.

‘गॅप’ हे मोफत सॉफ्टवेअर १९८६ मध्ये जर्मनीतल्या आखेन येथे योआखिम नॉयब्यूजर यांच्या पुढाकाराने सुरू झाले. त्यात दोन गटांचा गुणाकार करायला सांगितला, की दुसऱ्या गटाच्या वस्तूंना पुढचे क्रमांक दिले जातात. पाच-पाच वस्तूंचे दोन गट असतील तर पहिला १ ते ५ वर चालतो आणि दुसरा ६ ते १० वर. या गुणाकारात १४,४०० क्रिया असतात. कोणतीही क्रिया दिली तर तिचा डावा आणि उजवा भाग वेगळा काढून दाखवता येतो. बांधलेला उपगट हवा असेल, तर मात्र दोन्ही भागांच्या चाली जोडीनेच द्याव्या लागतात. त्या वेगवेगळ्या दिल्या, तर सॉफ्टवेअर त्यांना स्वतंत्र समजून पूर्ण गुणाकार हाती देते आणि उत्तर चुकते.

मराठी गणितज्ञाचा या कथेत वाटा कोणता?

प्रा. श्रीराम अभ्यंकर यांचा जन्म १९३० मध्ये उज्जैन येथे मराठी कुटुंबात झाला. मुंबईत पदवी घेऊन ते हार्वर्डला गेले आणि ऑस्कर झारिस्की यांच्या मार्गदर्शनाखाली १९५५ मध्ये डॉक्टरेट मिळवली. १९६३ पासून ते अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात होते. १९५७ मध्ये त्यांनी एक अंदाज मांडला. एका विशिष्ट प्रकारच्या अंकगणितात कोणकोणते गट समीकरणांचे गाल्वा गट म्हणून येऊ शकतात, याचा. हा अंदाज बरोबर असल्याचे १९९४ मध्ये मिशेल रेनो आणि डेव्हिड हार्बेटर यांनी सिद्ध केले. स्वतः अभ्यंकर यांनीही नेमक्या गटांसाठी नेमकी समीकरणे शोधून दाखवली. पुण्यातली भास्कराचार्य प्रतिष्ठान ही गणित संशोधन संस्था त्यांनी १९७६ मध्ये स्थापन केली. २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले.

आज गाल्वाचे महत्त्व काय?

क्यूआर कोडमधील चुकांची दुरुस्ती, संदेश गुप्त ठेवणारी सांकेतिक लिपी, स्फटिकांच्या रचनेचा अभ्यास, मूलकणांचे भौतिकशास्त्र या सर्वांत गट किंवा गाल्वा क्षेत्रे वापरली जातात. गाल्वाच्या हयातीत त्याचा मुख्य निबंध एकदाही छापला गेला नाही. तो परत आलेला कागद टाकून न देता एका मित्राने आणि एका भावाने सांभाळला, म्हणून हे सगळे पुढे आले. जी मोजणी गाल्वाला हाताने कागदावर करावी लागत होती, ती करणारी गॅप आणि सेजमॅथ ही सॉफ्टवेअर आज मोफत मिळतात. सेजमॅथ तर मोबाइलच्या ब्राउझरमध्येही चालते. गणिताची आवड असलेल्या रत्नागिरीतल्या विद्यार्थ्याला दोन समीकरणे देऊन त्यांचे गट एकमेकांना बांधलेले आहेत की मोकळे, हे आज काही क्षणांत तपासता येते.